वाजवी बाजारमूल्य : संकल्पना, पद्धती आणि अहवालाची कसोटी

१. प्रश्नाचे स्वरूप

वस्तूची किंमत विचारणे सोपे असते. ती सांगणे कठीण. आणि सांगितलेली किंमत योग्य का, हे इतरांस पटवून देणे सर्वांत कठीण. वाणिज्य, अर्थशास्त्र व विधी या तिन्ही विषयांच्या अभ्यासकांस ‘वाजवी बाजारमूल्य’ हा शब्दप्रयोग वारंवार भेटतो. करआकारणी, भूसंपादन, कर्जाचे तारण, भागीदारीचे विसर्जन, कंपन्यांचे एकत्रीकरण, वारसांमधील वाटणी अशा अनेक प्रसंगी त्याच्यावाचून पुढे जाता येत नाही. प्रस्तुत लेखात ही संकल्पना आणि ती व्यवहारात उतरविण्याच्या पद्धती यांचा परिचय करून देण्याचा हेतू आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या एका गावी दोन भावांचे एकत्र कुटुंब आहे. त्यांच्या मालकीचा १,२०० चौरस मीटरांचा एक रिकामा भूखंड, एक चालता छापखाना आणि आईचे दागिने एवढी मालमत्ता आहे. दोघांना सलोख्याने वेगळे व्हावयाचे आहे. छापखाना थोरल्याने घ्यावा व त्याचा हिशेब इतर मालमत्तेत जुळवावा, असे ठरते. परंतु पहिल्याच बैठकीत एका भूखंडाच्या तीन किंमती पुढे येतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या खरेदीखतात ६० हजार रुपये लिहिलेले आहेत. मुद्रांक शुल्कासाठीच्या शासकीय दरतक्त्यात चौरस मीटरला ११,००० रुपये दर असल्याने १ कोटी ३२ लाख रुपये होतात. शेजारचा रस्त्यालगतचा भूखंड नुकताच २०,००० रुपये दराने विकला गेला, त्या हिशेबाने २ कोटी ४० लाख रुपये होतात. तिन्ही आकडे कागदावर आधारलेले आहेत, कोणीही खोटे बोलत नाही. आणि तरीही त्यांतील एकही आकडा या भूखंडाचे वाजवी बाजारमूल्य नव्हे. असे का, याचा उलगडा संकल्पनेपासूनच करावा लागतो.

२. संकल्पनेची चार अंगे

१९६१ च्या आयकर कायद्याने वाजवी बाजारमूल्याची व्याख्या करताना, संबंधित दिनांकास खुल्या बाजारात विक्री केली असता भांडवली मालमत्तेस सामान्यतः जी किंमत येईल ती, असा आशय मांडला होता. १९५७ च्या संपत्तिकर कायद्यातही मूल्यांकनाच्या दिनांकास खुल्या बाजारात येणारी किंमत हीच कसोटी होती. संपत्तिकर २०१६-१७ या करनिर्धारण वर्षापासून रद्द झाला. परंतु त्या कायद्याखाली न्यायालयांनी केलेली चर्चा अभ्यासकांस आजही उपयुक्त आहे.

या व्याख्येची चार अंगे ध्यानात ठेवावयास हवीत. पहिले अंग असे की, ही विक्री गृहीत धरलेली असते. मालकास वस्तू विकावयाची आहे किंवा नाही, हा प्रश्न येथे उद्भवत नाही. ज्या हक्काचे हस्तांतर प्रत्यक्षात होऊ शकत नाही, त्याचेही मूल्य गृहीत बाजार कल्पून काढता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने अहमद जी. एच. अरिफ यांच्या संपत्तिकराच्या प्रकरणात दिला. दुसरे अंग म्हणजे राजीखुशीचा विक्रेता व राजीखुशीचा ग्राहक. कर्जापायी अगतिक झालेल्याने केलेली विक्री किंवा लगतची जागा हवीच म्हणून शेजाऱ्याने दिलेला चढा भाव हे या कसोटीस उतरत नाहीत. तिसरे अंग माहितीचे : दोन्ही पक्षांस वस्तूचे गुणदोष ठाऊक आहेत, असे धरावयाचे असते. चौथे अंग दिनांकाचे. दिनांकावाचून सांगितलेले मूल्य अपुरे होय. २०१७ च्या वित्त कायद्याने भांडवली नफ्याच्या गणनेसाठी १ एप्रिल १९८१ ऐवजी १ एप्रिल २००१ हा आधारदिनांक ठरविला, तेव्हा जुन्या मालमत्तेच्या असंख्य मालकांस त्या एका दिवसाचे मूल्य शोधणे भाग पडले. त्यानंतर त्या परिसरात काय घडले, याचा त्या मूल्याशी संबंध नाही.

वस्तूच्या भावी उपयोगाची शक्यताही मूल्यात धरावी काय, या प्रश्नावर विशाखापट्टणम बंदराच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १९३९ मध्ये दिलेला निर्णय मूलभूत मानला जातो. संपादन केलेल्या जमिनीत गोड्या पाण्याचा झरा होता. मात्र त्या पाण्याचा मोठा ग्राहक म्हणून खुद्द बंदराचे अधिकारीच काय ते संभवत होते. ग्राहक एकच असला आणि तोच संपादन करणारा असला, तरी जमिनीच्या अंगच्या शक्यतेचे मूल्य राजीखुशीच्या व्यवहारात जेवढे मिळाले असते तेवढे मालकास मिळावयास हवे, असे तेथे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने रघुवंश नारायण सिंह यांच्या प्रकरणात हेच तत्त्व स्वीकारले : जमिनीची विद्यमान स्थिती, तिचे फायदे आणि तिच्या भावी शक्यता या सर्वांचा विचार करून राजीखुशीचा ग्राहक देईल ती किंमत म्हणजे बाजारमूल्य.

३. जमीन : तुलनेची पद्धती

जमिनीच्या मूल्यांकनात तुलनात्मक विक्रीची पद्धती सर्वाधिक प्रचलित आहे. जवळच्या काळातील, जवळच्या जागेतील आणि सारख्या स्वरूपाच्या भूखंडांचे प्रामाणिक व्यवहार गोळा करावयाचे आणि त्यांच्याशी आपल्या भूखंडाची तुलना करून दर कमीअधिक करावयाचा, हे तिचे सार. पुण्याच्या भूसंपादनासंबंधीच्या चिमणलाल हरगोविंददास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये या तुलनेची सूत्रे एकत्रित मांडली. लहान आकार, रस्त्याचे सान्निध्य, रस्त्याकडील रुंद दर्शनी बाजू, विकसित वस्तीची जवळीक, नियमित आकृती या गोष्टी दर वाढवितात. मोठे क्षेत्र, आतल्या बाजूची जागा, दर्शनी बाजू अरुंद व खोली जास्त असणे, भराव घालावा लागेल असा सखलपणा, वस्तीपासूनचे अंतर या गोष्टी तो कमी करतात. मोठ्या क्षेत्रात रस्ते व मोकळ्या जागा सोडाव्या लागतात आणि ते विकले जाईपर्यंत भांडवल अडकून पडते; म्हणून लहान भूखंडाचा दर मोठ्या क्षेत्रास लावताना सुमारे २० ते ५० टक्के वजावट संभवते, असेही त्या निर्णयात सांगितले आहे. ही टक्केवारी सर्वत्र सारखी लावावयाचा नियम मात्र नव्हे. प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवरून ती ठरवावी लागते.

आपल्या उदाहरणातील शेजारचा भूखंड २०० चौरस मीटरांचा व रस्त्यालगतचा आहे. कुटुंबाचा भूखंड त्याच्या सहापट मोठा व आतल्या बाजूस आहे. मूल्यांककाने आकारापोटी २५ टक्के व स्थानापोटी १० टक्के वजावट सकारण ठरविली, तर दर १३,००० रुपये होतो आणि भूखंडाचे मूल्य १ कोटी ५६ लाख रुपये येते. या ठिकाणी ‘सकारण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. २५ टक्केच का, २० किंवा ३५ का नव्हे, याचे उत्तर त्याच गावातील लहान व मोठ्या भूखंडांच्या इतर व्यवहारांतून दाखविता आले पाहिजे. तसे न केल्यास वजावट ही सोयीची चावी होऊन बसते.

तुलनेपूर्वी मालकीहक्काचे स्वरूपही तपासावे लागते. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ अशी नोंद असल्यास हस्तांतरावर निर्बंध असतात, आणि वर्ग १ च्या जमिनीचा दर तीस जसाच्या तसा लावणे चुकीचे ठरते. त्याचप्रमाणे जुन्या भाडेकरूंनी व्यापलेली इमारत व तशीच रिकामी इमारत यांचे बाजारमूल्य एक असू शकत नाही. कारण ग्राहक विटा व चुना यांबरोबर त्यांवरील बंधनेही विकत घेत असतो.

आता दरतक्त्याचा विचार करू. महाराष्ट्रात १९९५ च्या नियमांनुसार मुद्रांक शुल्कासाठी बाजारमूल्याचे दरतक्ते तयार केले जातात. बोलीभाषेत त्यांस ‘रेडी रेकनर’ म्हणतात. शुल्क बुडू नये व आकारणीत एकसूत्रता असावी, हे त्यांचे प्रयोजन. एका विभागातील सर्व भूखंडांस एक दर लावला की प्रत्येकाचे वैशिष्ट्य पुसले जाते. मुद्रांक शुल्कासाठी ठेवलेली मूल्यनोंदवही भूसंपादनाच्या नुकसानभरपाईचा आधार होऊ शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जवाजी नागनाथम यांच्या प्रकरणात दिला, तो याच कारणास्तव. पुढे २०१३ च्या भूसंपादन कायद्याने या तक्त्यास एक निश्चित स्थान दिले. मुद्रांक कायद्याखालील किमान मूल्य, सारख्या जमिनींच्या विक्रीची सरासरी किंमत आणि संमतीने ठरलेली रक्कम, जेथे ती लागू असेल तेथे, यांपैकी जी अधिक असेल ती तेथे बाजारमूल्य मानली जाते. सरासरी काढताना मागील तीन वर्षांतील विक्रीखतांपैकी अधिक किंमतीची निम्मी खतेच विचारात घेतली जातात.

या तरतुदीमागे एक कटू सामाजिक अनुभव आहे. शुल्क वाचविण्यासाठी खरेदीखतात प्रत्यक्ष मोबदल्यापेक्षा कमी रक्कम लिहिण्याचा प्रघात अनेक ठिकाणी पडला होता. व्यवहाराच्या दिवशी त्यात दोन्ही पक्षांस लाभ दिसे. परंतु काही वर्षांनी कालव्यासाठी किंवा रस्त्यासाठी त्याच शिवारातील जमीन संपादन होऊ लागली म्हणजे तीच खोटी खते पुरावा म्हणून पुढे येत, आणि ज्या शेतकऱ्याने स्वतः कधी काही विकलेच नव्हते, त्यालाही शेजाऱ्याच्या त्या बचतीचा भुर्दंड बसे. बाजारमूल्याचा पुरावा ही सार्वजनिक ठेव आहे. एकाने तीत भेसळ केली की नुकसान दुसऱ्याच्या पदरी जाते.

४. यंत्रसामग्री : पुस्तकी किंमत व प्रत्यक्ष मूल्य

छापखान्याचे मुख्य यंत्र बारा वर्षांपूर्वी २४ लाख रुपयांस घेतले, असे समजा. घटत्या शिलकीवर दरसाल १५ टक्के घसारा धरल्यास वहीत त्याची किंमत सुमारे ३ लाख ४१ हजार रुपये उरते. घसारा हा मूळ खर्च निरनिराळ्या वर्षांवर वाटण्याचा उपाय आहे. बाजारात वस्तूस काय येईल, हे सांगण्याचा त्याचा दावाच नसतो. म्हणून पुस्तकी किंमत बाजारमूल्याच्या जवळ आली तर तो योगायोग समजावा.

अशा यंत्राच्या जुन्या बाजारातील व्यवहार उपलब्ध असतील तर त्यांस प्राधान्य द्यावे. नसल्यास पुनःस्थापन खर्चाची पद्धती वापरतात. त्याच क्षमतेचे नवे यंत्र आज ४० लाख रुपयांस मिळते, त्याचे उपयुक्त आयुष्य वीस वर्षांचे असून आठ वर्षे शिल्लक आहेत, असे धरले तर झिजेनंतरचे मूल्य १६ लाख रुपये येते. परंतु नवे यंत्र कमी मनुष्यबळात तेवढेच काम करीत असेल, तर जुने यंत्र केवळ झिजलेले नसून कालबाह्यही झालेले असते. त्यापोटी आणखी चतुर्थांश वजा केल्यास १२ लाख रुपये उरतात. हे मूल्य चालत्या छापखान्यात, पायावर बसविलेल्या यंत्राचे आहे. तेच यंत्र उचलून न्यावयाचे झाल्यास काढण्याचा व वाहतुकीचा खर्च वजा होईल, आणि भंगारात घालावयाचे झाल्यास केवळ वजनाचा भाव येईल. यंत्र तेच; गृहीत परिस्थिती बदलली की मूल्य बदलते.

५. चालता व्यवसाय

व्यवसाय म्हणजे त्यातील वस्तूंची बेरीज नव्हे. खाजगी कंपन्यांच्या भागांचे मूल्य सामान्यतः त्यांच्या उत्पन्नक्षमतेवरून काढावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये महादेव जालान यांच्या प्रकरणात मांडले. १९८० मध्ये दानकरासंबंधीच्या कुसुमबेन महादेविया प्रकरणात ते अधिक स्पष्ट झाले : चालत्या कंपनीस नफ्याची पद्धती लावावी, मालमत्ता विकून येणाऱ्या रकमेची पद्धती कंपनी विसर्जनाच्या टोकास आली असेल तेव्हाच योग्य. कंपन्यांच्या एकत्रीकरणात पुष्कळदा उत्पन्न, मालमत्ता व शेअर बाजारातील भाव या तिन्हींचा मेळ घातला जातो. हिंदुस्थान लीव्हर व टाटा ऑईल मिल्स यांच्या एकत्रीकरणाचे प्रकरण १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा तज्ज्ञांनी मान्य पद्धतींनी काढलेले व भागधारकांनी स्वीकारलेले विनिमयाचे प्रमाण न्यायालयाने बदलले नाही.

आपल्या छापखान्याचा सरासरी वार्षिक नफा १४ लाख रुपये आहे. परंतु थोरला भाऊ पूर्णवेळ तेथे राबतो आणि वेतन घेत नाही. त्याच्या जागी व्यवस्थापक नेमल्यास ६ लाख रुपये द्यावे लागतील. म्हणून भांडवलाचा खरा नफा ८ लाख रुपये होय. या प्रकारच्या व्यवसायातील जोखीम पाहता ग्राहकास १६ टक्के परताव्याची अपेक्षा असेल, तर व्यवसायाचे मूल्य ५० लाख रुपये येते. हीच अपेक्षा २० टक्के धरल्यास ते ४० लाखांवर उतरते. चार टक्क्यांच्या फरकाने दहा लाखांचा फरक पडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे परताव्याच्या दराचे समर्थन हा अशा अहवालाचा गाभा का, ते समजते.

यंत्राचे १२ लाख आणि कच्चा माल, येणी, देणी यांची निव्वळ शिल्लक १८ लाख मिळून मूर्त मालमत्ता ३० लाखांची होते. म्हणजे उरलेले २० लाख रुपये नावलौकिकाचे. येथे नवशिक्याच्या हातून होणारी एक चूक सांगावयास हवी. ५० लाखांच्या मूल्यात यंत्र अंतर्भूतच आहे. त्याचे १२ लाख पुन्हा मिळविल्यास तीच मालमत्ता दोनदा मोजली जाते. शिवाय हा नावलौकिक छापखान्याचा की थोरल्या भावाच्या व्यक्तिगत कौशल्याचा, हेही पाहावे लागते. तो गेल्यावर गिऱ्हाईकही जाणार असेल, तर तेवढा नफा ग्राहकास मिळणार नाही आणि त्याची किंमतही तो देणार नाही. आपण येथे नावलौकिक संस्थेचाच आहे असे मानू.

आता पुस्तकी किंमतीवर वाटणी केली असती तर काय झाले असते, ते पाहा. वहीत छापखाना २१ लाख ४१ हजारांचा दिसतो. बाजारमूल्य ५० लाखांचे आहे. थोरल्याने तो पुस्तकी किंमतीस घेतला, तर धाकट्याच्या निम्म्या हिश्श्यात सुमारे १४ लाख ३० हजार रुपये कमी पडतात. वही चोख असेल, थोरल्याच्या मनात कपटही नसेल. आणि तरीही अन्याय होतो. अशा अन्यायाची जाणीव पुष्कळदा वर्षांनंतर होते, आणि मग जे भाऊ सलोख्याने वेगळे झाले होते ते न्यायालयाच्या पायरीवर भेटतात.

६. दागिने व वैयक्तिक वस्तू

दागिन्यांच्या बाबतीत खरेदीची पावती फसवी ठरते, कारण तीत घडणावळ धरलेली असते आणि विकताना ती सहसा परत मिळत नाही. ठुशी, पाटल्या, गोठ असे जिन्नस मिळून २०० ग्रॅम भरले. त्यांतील खडे व लाख यांचे ३० ग्रॅम वजा केले, तर २२ कॅरटचे १७० ग्रॅम, म्हणजे शुद्ध सोने सुमारे १५५.८ ग्रॅम होते. त्या दिवसाच्या भावाने त्याची किंमत काढावी व खड्यांचा विचार स्वतंत्र करावा. विम्यासाठी मात्र तसाच नवा दागिना घडविण्याचा खर्च धरतात, म्हणून विम्याचा आकडा मोठा असतो. तो वाटणीत वापरणे योग्य नव्हे.

जुनी चित्रे, मूर्ती, हस्तलिखिते यांना वजनाचा भाव नसतो. त्यांची अस्सलता, स्थिती, मालकीची परंपरा आणि लिलावातील सदृश विक्री पाहावी लागते. येथे ‘खुला बाजार’ किती खुला, हेही कायदा ठरवितो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खाजगी व्यक्तीस पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून अशा वस्तूची परदेशी लिलावातील किंमत येथील वस्तूस लावता येत नाही. तिचा ग्राहक देशातलाच असावयास हवा.

७. मूल्यांकक आणि त्याचा अहवाल

२०१३ च्या कंपनी कायद्याने, त्या कायद्याखालील मूल्यांकनासाठी नोंदणीकृत मूल्यांककाची व्यवस्था निर्माण केली. २०१७ च्या नियमांनुसार जमीन व इमारती, यंत्रसामग्री, आणि रोखे किंवा वित्तीय मालमत्ता असे वर्ग पाडले असून नोंदणीचे काम भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे आहे. ज्या मालमत्तेत मूल्यांककाचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध नियुक्तीपूर्वीच्या तीन वर्षांत होता किंवा मूल्यांकनानंतरच्या तीन वर्षांत येईल, तिचे मूल्यांकन त्याने करू नये, असे बंधनही कायद्यात आहे. कुटुंबातील वाटणीस हा कायदा लागू नसला, तरी त्यामागील विवेक लागू आहे. एका भावाने आणलेला, त्याच्याच पैशाने नेमलेला मूल्यांकक कितीही सचोटीचा असला तरी दुसऱ्यास परका वाटतो. नेमणूक दोघांनी मिळून करावी. आकड्याच्या प्रमाणात शुल्क ठरविणे तर सर्वथा टाळावे.

अहवाल हाती आल्यावर त्यातील अंतिम आकडा प्रथम पाहण्याची सर्वांस घाई असते. अभ्यासकाने तो शेवटी पाहावा. मूल्यांकन कोणत्या प्रयोजनासाठी व कोणत्या दिनांकाचे आहे. मालमत्तेची पाहणी प्रत्यक्ष केली काय. हक्क व बंधने तपासली काय. कोणती पद्धती निवडली आणि इतर का सोडल्या. तुलनेचे व्यवहार कोणते. प्रत्येक वजावटीस वा दरास आधार काय. आणि गृहीत गोष्टी बदलल्यास मूल्य किती हलते, या प्रश्नांची उत्तरे अहवालातच मिळावयास हवीत. ती मिळत नसतील तर आकडा योग्य असूनही अहवाल अपुरा होय.

८. समारोप

वरील विवेचनाचा मथितार्थ एवढाच की, वाजवी बाजारमूल्य हा वस्तूच्या अंगी असलेला, शोधून काढावयाचा गुण नाही. विशिष्ट प्रयोजनासाठी, विशिष्ट दिनांकास, गृहीत बाजाराच्या संदर्भात पुराव्यावर आधारून दिलेले ते मत आहे. मत म्हटले की मतभेद संभवतो. म्हणून दोन प्रामाणिक मूल्यांककांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, यात वावगे काही नाही. परंतु मत आहे म्हणून ते मनमानी ठरत नाही. ज्या कारणांवर ते उभे आहे ती कारणे उघड मांडलेली असतील, तर विरुद्ध पक्षासही ती तपासता येतात, आणि चूक असेल तेथे बोट ठेवता येते.

आपल्या उदाहरणातील दोघा भावांना भूखंडासाठी १ कोटी ५६ लाख हा आकडा कदाचित मान्य होईल, कदाचित त्यात थोडी घासाघीसही होईल. परंतु तो आकडा कसा आला, हे दोघांनाही सारखेच समजले असेल तर होणारी तडजोड समान पायावर होईल. मूल्यांककाचे खरे काम ते हेच.